नसरीन मॅडम आणि दुधाचं औषध

गेल्या आठवड्यात आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी एक मेसेज टाकला. गाईचं कोमट दूध, त्यात चमचाभर ऑलिव्हचं तेल आणि थोडं लिंबू. उपाशीपोटी घेतलं तर कॅन्सरच्या गाठी एकवीस दिवसांत विरघळतात, परदेशातल्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, पुढे पाठवा. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. हात जोडणाऱ्यांत रसायनशास्त्राचे दोन प्राध्यापक होते. मी फोन पालथा घालून ठेवला. नसरीन मॅडम त्या ग्रुपवर नाहीत, कॉलेजातही नाहीत. असत्या तर त्यांनी एवढंच लिहिलं असतं : कुणावर करून बघितलं? किती जणांवर? आणि ज्यांनी घेतलं नाही त्यांचं काय झालं?

मग ग्रुपवर दोन दिवस कुणी बोललं नसतं.

जाफराबादच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या, मी वनस्पतिशास्त्र शिकवते. आमच्या दोन प्रयोगशाळांच्या मध्ये एक दार होतं आणि ते अकरा वर्षं उघडंच राहिलं. मॅडम जालन्यात मस्तगडला राहायच्या, आई आणि धाकट्या भावाच्या कुटुंबासोबत. रोज सकाळच्या एसटीनं यायच्या. उंच, किडकिडीत बाई. सुती सलवार-कमीज, ओढणी एका खांद्याला सेफ्टी पिननं पक्की केलेली. बायकांच्या कपड्यांना खिसे नसतात याचा त्यांना मनापासून राग होता. प्रत्येक कमीजला त्या शिंप्याकडून उजव्या हाताला खिसा लावून घ्यायच्या आणि त्यात चिकटपट्टीच्या लेबलांची गुंडाळी आणि एक काळा मार्कर ठेवायच्या. दिसेल त्याला लेबल लावायच्या. त्यांच्या डब्यावरही असायचं, "डाळ, मंगळवार". मी हसायचे. त्या म्हणायच्या, "हस. बिनलेबलाची बाटली म्हणजे अफवा."

त्यांच्याशी गप्पा मारणं सोपं नव्हतं. आमचे हेडक्लार्क जाधव एकदा स्टाफरूममध्ये सांगत होते की मेथीचं पाणी प्यायला लागल्यापासून त्यांची साखर ताब्यात आली. सगळे माना हलवत होते.

"गोळी बंद केली का?" मॅडमनी विचारलं.

"नाही, गोळी चालूच आहे."

"आणि चालायला जाता ना सकाळी, मेथी सुरू केल्यापासून?"

"जातो की. डॉक्टरनीच सांगितलंय."

"मंग मेथीनं काय केलं, जाधव? तिचं नाव हजेरीला कशाला लावता?"

जाधवांनी पुढे कित्येक महिने मॅडमची पगाराची स्लिप सगळ्यात शेवटी दिली. त्यांनी ते लक्षात घेतलं नाही, किंवा घेतलं असेल तर दाखवलं नाही. माणसं दुखावतात हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण चुकीचं वाक्य हवेत तसंच सोडून देणं त्यांना जमायचं नाही. ते त्यांना शारीरिक त्रास द्यायचं, कुणाला खडूचा चरचराट देतो तसा.

मुलांना प्रयोग शिकवताना त्या तुलनेच्या नळीवर जीव टाकायच्या. म्हणजे ज्या नळीत काहीच घालायचं नाही, किंवा एकच गोष्ट घालायची, ती नळी. बाकीच्या नळ्यांत काय घडलं ते या साध्या नळीशी ताडून बघायचं. जर्नलमध्ये ती नळी नसली तर प्रयोग कितीही देखणा असो, शून्य. "साधी नळी कुठंय?" ही त्यांची हाक व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू यायची. पोरं त्यांच्यामागे त्यांना "साधी नळी" म्हणायची. त्यांना ते माहीत होतं आणि मला वाटतं, आवडतही होतं.

एवढी विद्वान बाई इथे कशाला आली, हा प्रश्न मला पहिल्याच वर्षी पडला होता. उत्तर एका दुपारी जेवताना मिळालं. त्यांनी ते दुसऱ्या कुणाची तरी हकीगत सांगावी तशा आवाजात सांगितलं.

दुधात अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन नावाचं एक प्रथिन असतं. बाळासाठी दुधात साखर तयार व्हायला ते लागतं. बिचारं साधं, सरळमार्गी प्रथिन. पण आम्लात घातलं की त्याच्यातला कॅल्शियम सुटतो, त्याची घडी अर्धवट उलगडते आणि त्या उलगडलेल्या घडीत ओलेइक आम्ल शिरून बसतं. हे आम्ल म्हणजे एक स्निग्धाम्ल, आपल्या खायच्या तेलातही असतं. दोघांची जोडी जमली की ते प्रथिन बदलतं. काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर ते टाकलं तर त्या पेशी मरतात आणि निरोगी पेशी बऱ्याच अंशी वाचतात. परदेशात कुणीतरी आईच्या दुधावर दुसरंच काही शोधत असताना हे अचानक सापडलं होतं. मॅडम तेव्हा एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पीएचडी करत होत्या आणि त्यांना काम मिळालं होतं म्हशीच्या दुधातल्या याच प्रथिनावर.

"दोन वर्षं मी आनंदात होते," त्या म्हणाल्या. "मायक्रोस्कोपमधून बघायची. काल टम्म असलेल्या पेशी आज आक्रसलेल्या. घरी फोन करून अम्मीला सांगायची, आज इतक्या मारल्या."

मग त्यांनी साधी नळी लावली. प्रथिन नाही, नुसतं ओलेइक आम्ल, तेवढ्याच मापाचं. त्या बशीतल्या पेशीही मेल्या. जवळजवळ तितक्याच. म्हणजे मारणारं खरं कोण, प्रथिन की आम्ल, हाच प्रश्न उभा राहिला. प्रथिन कदाचित नुसतं हमाल असेल, आम्ल पेशीपर्यंत वाहून नेणारं. आणि रक्तातला द्रव मिसळला की सगळाच परिणाम निम्म्याहून खाली यायचा.

त्यांचे मार्गदर्शक म्हणाले, परत करून बघ.

"मी सात वेळा केलं. सातही वेळा मेल्या. मंग ते म्हणाले, हा रकाना तक्त्यातून काढ, पुढच्या पेपरला बघू. मी म्हटलं, बिलकुल नाही."

तो पेपर निघालाच नाही. पीएचडी तीन वर्षं लांबली. त्यांच्या मागून आलेल्या एकानं तेच काम त्या रकान्याशिवाय छापलं आणि तो परदेशी गेला. मॅडम जालन्याला परत आल्या. वडील नुकतेच गेले होते, भाऊ शिकत होता. जाफराबादला जागा निघाली, त्यांनी घेतली.

"तो रकाना काढला असता तर?" मी विचारलं.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "तर मला रोज आठवलं असतं. आता फक्त एसटीत आठवतं."

आता मला माझ्याकडे यावं लागेल. या हकिगतीत मी जमेल तेवढी कडेला राहिले असते, पण एका जागी मी मधोमध उभी आहे.

फेब्रुवारीअखेर विज्ञान दिनाला दरवर्षी बाहेरचा पाहुणा बोलवायची आमची पद्धत. त्या वर्षी पाहुण्यानं ऐनवेळी नाही म्हटलं. मीच प्राचार्यांना सुचवलं की नसरीन मॅडमना बोलू द्या, त्यांच्या स्वतःच्या संशोधनावर. मॅडम आधी नको म्हणाल्या, मग तयार झाल्या. त्या दिवशी त्या फार सुंदर बोलल्या. एक घडीची छत्री घेऊन आल्या होत्या. तिचं बटण लावून म्हणाल्या, हे प्रथिन. बटण म्हणजे कॅल्शियम. बटण काढलं, छत्री अर्धवट फुलली. मग तिच्या पाकळ्यांत त्यांनी चुरगळलेले पिवळे कागद खोचले, ते आम्ल. मागच्या बाकांवरची पोरंसुद्धा गप्प होती. शेवटी त्यांनी साधी नळीही सांगितली, रकान्याची भानगड तेवढी वगळून. म्हणाल्या, "हे सगळं बशीतलं आहे. बशी म्हणजे माणूस न्हाई. बशीत कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या हजार गोष्टी आहेत, फिनाइलनंही मरतात."

पेपरला द्यायची बातमी मी लिहिली. त्यांनी एकच वाक्य स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं : हे प्रयोग काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवरचे आहेत, यातून रुग्णांसाठी कोणतंही औषध तयार झालेलं नाही. मी बातमी टाइप केली. वाचून बघितली. त्या वाक्यानं सगळ्याची हवा जात होती. आमच्या कॉलेजची बातमी एरवी चार ओळींची यायची, यावेळी फोटोसकट यावी असं मला वाटत होतं. मॅडमचं नाव व्हावं असंही वाटत होतं, हे खरं आहे. मी ते वाक्य काढलं आणि बातमी पाठवली.

बातमी फोटोसकट आली. "दुधातून कॅन्सरवर औषध, जाफराबादच्या प्राध्यापिकेचा शोध". मथळा माझा नव्हता. पण त्याला अडवणारं जे वाक्य होतं ते मी आधीच बाजूला केलं होतं.

मॅडम पेपर घेऊन मधल्या दारात उभ्या राहिल्या. "वैशाली, माझं वाक्य कुठं गेलं?"

"वार्ताहरानं कापलं असेल," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि गेल्या. त्याच दिवशी त्यांनी पेपरला खुलासा पाठवला. आठवड्यानं तो आतल्या पानावर, शोकसंदेशांच्या खाली, बोटभर जागेत आला.

मग माणसं यायला लागली. कुणी भोकरदनकडून, कुणी देऊळगावकडून. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत फायली, वर घडी घातलेलं ते कात्रण. मॅडम प्रत्येकाला एकच सांगायच्या : औषध नाही, डॉक्टर सांगतात ते चालू ठेवा. सुरुवातीला बसवून सांगायच्या. पुढे पुढे त्यांचा आवाज चढायला लागला. प्रॅक्टिकल चालू असायचं, तीस मुलं ॲसिड हाताळत असायची आणि दारात कुणीतरी हात जोडून उभं. राजूरचा भागवत अशाच एका वेळी आला. त्याचं राजूरला वेल्डिंगचं दुकान, घर तिथून पुढे तीन-चार किलोमीटरवर एका खेड्यात. बायको मंगल, गावात अंगणवाडी सेविका. तिच्या स्तनात गाठ निघाली होती. दोन किमो झाल्या होत्या, चार राहिल्या होत्या, मग ऑपरेशन.

"मॅडम, लई उलट्या करून राह्यली ती. बघवत न्हाई. तुमचं ते दुधाचं..."

"असं औषध नाही," मॅडम दारातूनच म्हणाल्या. "पेपरनं चूक छापलं. किमो पूर्ण करा. बंद करू नका. जा आता."

तो गेला. मी मधल्या दारातून हे बघितलं होतं. दोन मिनिटंही लागली नसतील.

पुन्हा आला तो पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये. सोबत पेढ्यांचा पुडा होता. चेहरा उजळलेला. दारात चप्पल काढून आत आला आणि मॅडमच्या पाया पडायला वाकला.

"मॅडम, तुम्ही तवा घाईत व्हत्या. पर मला तुमचं औषध भेटलं. बाईला बराबर फरक पडून राह्यला. उलट्या बंद. जेवायली चांगली. केस बी आले परत."

त्यानं पिशवीतून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. दुधाच्या भुकटीचं पाकीट. त्यावर मॅडमचा फोटो होता, विज्ञान दिनाचा, हातात अर्धी उघडलेली छत्री. खाली बातमीचा मथळा जसाच्या तसा. शेजारच्या तालुक्यातला कुणी वैद्य म्हणवणारा माणूस ते विकत होता.

मॅडमनी पाकीट उचललं नाही.  मग अगदी हळू विचारलं, "किमो?"

"ती बंद केली ना. ते म्हणाले, दोन्ही संगं चालत न्हाईत."

"कधी?"

"एप्रिलात."

मॅडमनी मुलांना बर्नर बंद करायला लावले, प्रॅक्टिकल तिथेच सोडलं आणि मला म्हणाल्या, "चल." आम्ही भागवतसोबत भर दुपारी काळीपिवळी जीपमध्ये बसलो.  भागवत पेढ्यांचा पुडा मांडीवर धरून बसला होता. काहीतरी चुकलंय हे त्याला कळलं होतं, पण विचारायचं धाडस होत नव्हतं.

मंगल ओसरीत अंगणवाडीच्या मुलांची वजनं रजिस्टरात उतरवत बसली होती. पस्तिशीची, हुशार डोळ्यांची बाई. डोक्यावर बोटभर केस आले होते. आम्हाला बघून तिनं घाईनं पदर घेतला. मॅडमना तिनं फोटोवरून लगेच ओळखलं.

"बसा, मॅडम. तुमचंच औषध घेऊन राह्यले मी," ती म्हणाली. "मला तर आधीच पटलं व्हतं. आम्हीच बाळंतिणींला सांगत असतो ना, दुधासारखं दुसरं काही न्हाई म्हणून."

मॅडम तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. मी त्यांना इतकं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ज्यांना जाधवांची मेथी सहन होत नव्हती, त्या एकेक वाक्य उचलून ठेवावं तसं बोलत होत्या.

"मंगल, उलट्या कशानं होत होत्या?"

"किमोनं."

"केस कशानं गेले?"

"किमोनंच."

"मंग किमो बंद केल्यावर उलट्या थांबल्या, केस आले. भुकटी घेतली नसती तरी थांबल्या असत्या का?"

मंगलच्या हातातलं पेन थांबलं. ती रोज मुलांची वजनं लिहिणारी बाई होती. कुणाचं वजन कशानं वाढलं, कशानं घटलं, याचा विचार करायची तिला सवय होती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. कळायला तिला अगदी थोडा वेळ लागला.

"गाठ?" तिनं विचारलं. "गाठीचं काय मग?"

"किमोनं ती कमी होत होती. आता बघावं लागेल."

"तुम्ही न्हाई केलं हे औषध?"

"न्हाई."

"फोटो तुमचा हाय."

"फोटो माझा आहे."

मंगलनं रजिस्टर मिटलं. भागवत दाराच्या चौकटीला धरून उभा होता. त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, "काखेत पण लागायलंय आता. मी बोलले न्हाई कुणाला. वाटलं, औषध बाहेर काढून राह्यलं असंल."

दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतः तिच्यासोबत शहरातल्या दवाखान्यात गेल्या. पण ते पुढचं. त्या संध्याकाळी परतीच्या जीपमध्ये आम्ही दोघी मागच्या बाकावर होतो. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "मॅडम, ते वाक्य वार्ताहरानं नव्हतं कापलं. मी काढलं होतं."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच दिवशी त्याला फोन केला होता मी. तू पाठवलेला कागद त्यानं मला वाचून दाखवला."

म्हणजे मार्चपासून त्यांना माहीत होतं. मार्चपासून रोज दुपारी त्या माझ्यासमोर बसून जेवत होत्या, मला त्यांच्या डब्यातली डाळ वाढत होत्या. मी विचारलं, बोलला का नाहीत.

"बोलून काय झालं असतं? तुला रडू आलं असतं. मंग तुला समजवायचं काम परत मलाच." त्या बाहेर बघत होत्या, कपाशीच्या रानांकडे. "आणि तू वाक्य काढलंस, पण मी त्या माणसाला दारातून घालवलं. तो कात्रण घेऊन आल्ता. ते तरी काढून घ्यायचं हातातून. एवढंही सुचलं न्हाई मला."

त्यांनी मला माफ केलं की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. तसं काही त्या म्हणाल्या नाहीत आणि मी परत विचारलं नाही.

पुढचे दोन महिने त्यांनी अर्ज लिहिण्यात घालवले. भुकटीवाल्याच्या विरुद्ध तक्रार केली. चौकशी होईपर्यंत त्यानं पाकीट बदललं. आता त्यावर फोटो नव्हता, एका गाईचं चित्र होतं आणि औषध हा शब्दही नव्हता. तक्रार जागच्या जागी निकामी झाली. मग त्या प्राचार्यांकडे गेल्या. कारण आमच्या कॉलेजच्या नव्या माहितीपत्रकात, पहिल्याच पानावर, ती बातमी छापली होती. त्या वर्षी सायन्सचे प्रवेश वाढले होते.

"मॅडम, बातमी पेपरची आहे. आपण कुठं दावा केलाय?" प्राचार्य म्हणाले. "आणि कॉलेजचं नाव झालं, तुमचं झालं, यात वाईट काय?"

 ऑफिसात माहितीपत्रकांचे उरलेले गठ्ठे होते. त्या शनिवारी दुपारी कॉलेज सुटल्यावर मॅडम तिथल्या बाकावर बसल्या आणि काळ्या मार्करनं एकेका प्रतीतला तो मथळा खोडायला लागल्या. जाधव म्हणाले, मॅडम, हे संस्थेचं आहे. त्या म्हणाल्या, फोटो माझा आहे. मार्कर संपला तेव्हा त्यांनी खिशातून दुसरा काढला. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसू शकले असते. माझी वेतननिश्चिती अडकली होती, संस्थेच्या सचिवांची सही बाकी होती. मी खिडकीतून बघितलं आणि घरी गेले.

संस्थेनं त्यांना लेखी माफी मागायला सांगितलं. त्यांनी दोन ओळींचं पत्र दिलं, त्याची प्रत जाधवांनीच मला दाखवली. लिहिलं होतं : "माहितीपत्रकातील मजकूर खोडल्याचा मला खेद नाही. तो छापला जाण्याआधी खोडता आला नाही, याचा आहे." दिवाळीच्या सुटीनंतर त्या आल्या नाहीत. राजीनामा पोस्टानं आला. त्यांच्या प्रयोगशाळेत आता एक तरुण सर आहेत, चांगले आहेत. तुलनेच्या नळीचे गुण वेगळे धरत नाहीत.

मी फोन करायचे, त्या थोडक्यात बोलायच्या. घरी शिकवण्या घेत होत्या. मंगलसोबत दर तीन आठवड्यांनी दवाखान्यात जात होत्या. गाठ फुप्फुसात गेली होती. "डॉक्टर म्हणाले, एप्रिलात थांबवली नसती तर," एवढं एकदा बोलल्या आणि वाक्य अर्धंच ठेवलं.

मंगल संक्रांतीनंतर गेली. तेरवीला मी गेले. अंगणात मंडप होता, पंगती उठत होत्या. ओसरीच्या कडेला, बायकांच्या जरा बाजूला, नसरीन मॅडम बसल्या होत्या. वाळल्या होत्या. केस कानाशी पांढरे झाले होते. मला बघून त्यांनी शेजारी जागा केली.  भागवत मधूनच येऊन त्यांना पाणी विचारून जात होता. त्याच्या वागण्यात राग नव्हता, आणि मला वाटतं मॅडमना तेच जड जात होतं.

पंगत उठल्यावर पांढरं धोतर नेसलेला एक म्हातारा भागवतपाशी आला. पाहुण्यांपैकी कुणीतरी, लांबच्या गावचा. काखेत प्लॅस्टिकची पिशवी. ओसरीकडे बोट करून तो हळू आवाजात म्हणाला, पण आम्हाला ऐकू आलं.

"त्याच का त्या, दुधाच्या औषधवाल्या मॅडम?"

 "बाबा, औषध-बिवषध काही न्हाई," भागवत म्हणाला. "खोटं व्हतं ते सगळं."

"तसं नका म्हणू. तुमच्या घरच्यांला चार महिने लई फरक व्हता म्हणं. सगळा गाव सांगायलाय. माझ्या भावाला द्या म्हणावं तेवढंच. चार महिने बी लई झाले."

 भागवत मंडपाच्या खांबाला टेकला. आजूबाजूचे दोघे-तिघे बघायला लागले. मला वाटलं, मॅडम आता उठून निघून जातील. जायला हवं होतं त्यांनी. त्यांच्या जागी मी असते तर गेले असते.

त्या उठल्या, म्हाताऱ्यापर्यंत गेल्या आणि हात पुढे केला. "फाईल दाखवा, बाबा."

दोघं मंडपाच्या टोकाला, जिथं सतरंज्या गुंडाळून ठेवल्या होत्या तिथं जाऊन बसले. म्हाताऱ्यानं पिशवी रिकामी केली. मॅडमनी चष्मा लावला आणि कागद तारखेप्रमाणे लावायला सुरुवात केली.

जीपवाला हॉर्न देत होता. ही चुकली तर पुढची दीड तासानं. मी लांबूनच, निघते, म्हणून हात केला, त्यांचं लक्ष नव्हतं. मागच्या बाकावर कडेची जागा मिळाली. तिथून मंडपाचं टोक दिसत होतं. मॅडम एकेक कागद पुढे ठेवून बोटानं दाखवत काहीतरी सांगत होत्या. म्हातारा ऐकत होता, आणि ऐकून झालं की मान हलवत होता, नाही म्हणून. सगळे कागद संपले. त्यानं दोन्ही हात जोडले आणि परत तेच काहीतरी मागितलं.

जीप हलली. मॅडमनी कागद गोळा केले, मांडीवर ठोकून सरळ केले, आणि पहिला कागद पुन्हा त्याच्यापुढे ठेवला.